वाचलेले जनुक, राहिलेला निर्णय: चंद्रपूर-गडचिरोलीतील जनुकसंशोधनाचा आढावा

११ डिसेंबर २०२२ रोजी चंद्रपुरात हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक विकारांवरील संशोधन, उपचार आणि नियंत्रणाचे केंद्र सुरू झाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे हे केंद्र मुंबईतल्या परळच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेच्या कामातून उभे राहिले. त्या वेळी या संस्थेच्या संचालक डॉ. मनीषा मडकईकर होत्या. पूर्व विदर्भातल्या सिकलसेलच्या रुग्णांवरचे जनुकीय संशोधन तोवर प्रामुख्याने मुंबई, पुणे आणि नागपूर इथल्या प्रयोगशाळांत झाले होते. ज्या जिल्ह्यांतल्या माणसांच्या रक्ताने शास्त्राला इतके शिकवले, त्या जिल्ह्यांत प्रयोगशाळा येण्यास हा दिवस उजाडावा लागला. याच जंगलपट्ट्यात गेल्या दीड दशकात दुसरेही जनुकवाचन झाले, ते वाघाचे. दोन्ही संशोधने एकत्र ठेवून पाहिली की एक गोष्ट ठळकपणे दिसते. जनुकातली अक्षरे वाचण्याचे काम आता अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते वाचलेल्याचा उपयोग दवाखान्यात, लग्नाच्या बोलणीत, रस्त्याच्या आराखड्यात आणि ग्रामसभेत करून घेणे. हा दुवा जोडण्याचे काम आजवर ज्यांनी नेटाने केले त्यांत स्त्री-शास्त्रज्ञांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या कामाचा खरा धडा या दोन जिल्ह्यांनी अजून पुरता घेतलेला नाही, असे माझे म्हणणे आहे.

सिकलसेलची भारतातली पहिली नोंद १९५२ सालची. निलगिरीतल्या आदिवासींच्या रक्तात हा दोष असल्याचे हर्मन लेहमन आणि मेरी कटबुश यांनी दाखवले. कटबुश ऑस्ट्रेलियन होत्या आणि डफी हा रक्तगट शोधणाऱ्यांपैकी एक होत्या. त्यानंतर सहा वर्षांनी, १९५८ मध्ये, नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद प्रसिद्ध केली. दोष कुठे आहे हे कळले. तो ठरावीक समाजांतच इतका दाट का, हा प्रश्न राहिला. या प्रश्नाची एक बाजू मराठी वाचकाला परिचित असलेल्या विदुषीने हाताळली. इरावती कर्वे आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९६८ मध्ये समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली. एकाच नावाखाली मोडणाऱ्या जातीही शरीराच्या आणि रक्ताच्या मोजमापांत एकमेकींपासून किती वेगळ्या असू शकतात, हे त्यातून पुढे आले. तेव्हा डीएनएचा क्रम वाचण्याचे तंत्र अस्तित्वात नव्हते. तरीही पुढे जनुकवाचनाने जे सिद्ध केले त्याचा पाया इथेच होता: पिढ्यान् पिढ्या विवाह गटातच होत राहिले की दोषही गटातच साठत जातो. डॉ. सुदाम काटे आणि लिंगोजवार यांनी २००२ मध्ये महाराष्ट्राचे जे चित्र मांडले त्यात माडिया, परधान, ओतकार, भिल्ल आणि पावरा या जमातींत वाहकांचे प्रमाण २० ते ३५ टक्के आढळले. सर्वाधिक रुग्ण असलेल्या जिल्ह्यांत गडचिरोली आणि चंद्रपूर ही दोन्ही नावे होती.

रोगाचे मूळ एका अक्षरात आहे. अकराव्या गुणसूत्रावरच्या बीटा-ग्लोबिन जनुकात ‘ए’च्या जागी ‘टी’ येतो, त्यामुळे प्रथिनातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. प्राणवायू कमी झाला की असे हिमोग्लोबिन एकमेकांस चिकटते आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. दोष आईवडिलांपैकी एकाकडूनच आला तर माणूस वाहक, विदर्भातल्या बोलीत ‘एएस पॅटर्न’. दोघांकडून आला तर ‘एसएस पॅटर्न’, म्हणजे प्रत्यक्ष आजार. मात्र एवढे कळल्याने रोग कळत नाही. सगळ्या ‘एसएस’ रुग्णांत अक्षराचा दोष एकच असतो, तरी एक मूल पाचव्या वर्षाआधी दगावते आणि दुसरे संसाराला लागते. या फरकाचे उत्तर शोधण्याच्या वाटेवर ठिकठिकाणी स्त्रिया भेटतात. फ्रान्समधल्या जोसे पान्ये, दोमिनिक लाबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवले की आफ्रिकेत हा दोष एकाहून अधिक ठिकाणी स्वतंत्रपणे उपजला. लाबी यांच्याच गटाने १९८९ मध्ये भारतातल्या आदिवासींकडे पाहिले तेव्हा इथल्या दोषाभोवतीची जनुकीय रचना आफ्रिकेहून वेगळी आणि आपापसांत मिळतीजुळती निघाली. तिला अरब-भारतीय हॅप्लोटाइप म्हणतात. या रचनेत जन्मानंतरही गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन काही प्रमाणात टिकून राहते आणि ते पेशीला वाकण्यापासून थोपवते. हे हिमोग्लोबिन कोणाच्या रक्तात किती राहील हे ठरवणाऱ्या जागांपैकी ‘बीसीएल११ए’ ही महत्त्वाची जागा लंडनच्या स्वी ले थेन यांच्या गटाने २००७ मध्ये आणि सार्डिनियातल्या मॅन्युएला उडा यांच्या गटाने २००८ मध्ये पुढे आणली. एमॅन्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२० चे नोबेल ज्या क्रिस्पर तंत्रासाठी मिळाले, त्याच तंत्राने या जागेशी संबंधित भाग छाटण्याचा उपचार ब्रिटन आणि अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस मंजूर झाला. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेत ‘बिरसा १०१’ या नावाने देशी उपचारावर काम चालू आहे.

जगातल्या या शोधांचा इथल्या रुग्णाशी संबंध जोडला मुंबई आणि नागपूरच्या संशोधकांनी. डॉ. दीपिका मोहंती, डॉ. रोशन कोलाह, डॉ. अनिता नाडकर्णी, डॉ. खुशनूमा इटालिया ही परळच्या संस्थेतली नावे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बालरोगतज्ज्ञ डॉ. दीप्ती जैन होत्या. त्यांच्या बरोबरीने मलय मुखर्जी आणि कांजक्ष घोष यांनीही हे काम वर्षानुवर्षे केले. अरब-भारतीय रचनेमुळे भारतातला सिकलसेल सौम्य असतो, अशी समजूत वैद्यकविश्वात दीर्घकाळ होती. विदर्भातल्या मुलांवरच्या अभ्यासांनी या समजुतीला धक्का दिला. सिकलसेलवाहक मातांच्या नवजात बाळांची तपासणी करून, आजारी निघालेल्या मुलांचा पाठपुरावा ठेवणारा नागपूरचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या लेखिका दीप्ती उपाध्ये. गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन चांगले असूनही या मुलांत तीव्र पांडुरोग, जंतुसंसर्ग आणि वेदनांचे झटके आढळले, आणि आजाराची तीव्रता मुलागणिक वेगळी होती. त्याआधी २००९ मध्ये इटालिया, जैन, कोलाह आणि सहकाऱ्यांनी भारतीय रचनेच्या रुग्णांवर हायड्रॉक्सीयुरिया कसे लागू पडते ते तपासले. हे औषध स्वस्त आहे. जैन यांच्या गटाने कमी आणि ठरावीक मात्रेतही त्याचा मुलांना फायदा होतो हे चाचणी घेऊन दाखवले. ग्रामीण रुग्णालयात मात्रा सतत बदलत राहणे अवघड असते, म्हणून या निष्कर्षाचे मोल मोठे. प्रयोगशाळेतले वाचन आणि वॉर्डातला निर्णय यांची सांगड घातली की काय साधते, याचे याहून चांगले उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल.

यावर पहिला आक्षेप असा की विद्राव्यता चाचणी काही रुपयांत होते, एचपीएलसी यंत्राने निदान पक्के होते, मग सिक्वेन्सिंगचा, म्हणजे जनुकाचा क्रम वाचण्याचा, खटाटोप कशाला? आक्षेप अर्धा बरोबर आहे. गावपातळीवरच्या चाळणीसाठी साधी चाचणी पुरते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून सुरू झालेले राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवून आहे, आणि ते अशाच चाचण्यांवर उभे राहू शकते. पण चाळणीच्या पुढे गाडी अडते. एका पालकाकडून सिकलसेल आणि दुसऱ्याकडून थॅलेसीमियाचा दोष आला तर आजार संभवतो, आणि थॅलेसीमियाचा नेमका दोष कोणता हे बहुधा जनुक वाचल्यावरच कळते. गर्भनिदानात तर जनुकाची तपासणी केल्याशिवाय सहसा पाऊल टाकता येत नाही. कोलाह, नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये गर्भनिदानाच्या समुपदेशनातल्या पेचांवरच लेख लिहिला. होणारे मूल ‘एसएस’ आहे हे सांगता येते, पण त्याचा आजार सौम्य राहील की जीवघेणा ठरेल हे आईला खात्रीने सांगता येत नाही. हा पेच सुटायचा तर तीव्रता ठरवणारी इतर जनुके इथल्याच लोकांत वाचावी लागतील. युरोप-आफ्रिकेतल्या आकड्यांवरून माडिया आईला उत्तर देता येणार नाही.

जनुकवाचनाच्या गरजेचा दुसरा दाखला हिवतापाचा. गडचिरोली हा महाराष्ट्रातल्या सर्वाधिक हिवतापग्रस्त जिल्ह्यांपैकी एक आहे. सिकलसेलच्या वाहकाला फाल्सिपेरम हिवतापापासून संरक्षण मिळते, हे शास्त्रज्ञ ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवले होते. जंगलपट्ट्यात हा दोष टिकून राहण्यामागचे कारण तेच. हिवतापाच्याच व्हायव्हॅक्स या दुसऱ्या परोपजीवीचा पहिला संपूर्ण जिनोम २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या गटाचे नेतृत्व जेन कार्लटन यांच्याकडे होते. व्हायव्हॅक्स यकृतात दडून राहतो, आणि त्याला तिथून काढण्यासाठी प्रायमाक्विन द्यावे लागते. ज्याच्या शरीरात जी६पीडी या विकराची कमतरता आहे त्याच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटतात. भारतातल्या आदिवासींत या कमतरतेचा ‘ओरिसा’ नावाचा प्रकार प्रामुख्याने आढळतो. त्याचा माग मोहंती, कोलाह आणि मुखर्जी यांच्या संस्थेने दीर्घकाळ घेतला. म्हणजे गडचिरोलीत तापाच्या साध्या गोळीचा निर्णयही जनुकाला धरून आहे. जनुकविज्ञान हे मोठ्या शहरांचे शास्त्र आहे असे म्हणणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट ध्यानात घ्यावी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: लोकांची निकड वेगळी आणि संशोधकांची वेगळी. या आक्षेपाला खुद्द गडचिरोलीच्या इतिहासाचा आधार आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ या संस्थेची स्थापना केली. सिकलसेलचा शोध हे त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक. पण आदिवासींना ती आपली निकड वाटलीच नाही, हे डॉ. अभय बंग यांनी पुढे जाहीरपणे सांगितले आहे. त्यानंतरची त्यांची संशोधने लोकांना विचारून ठरली. डॉ. राणी बंग यांचा १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला अभ्यास याच वृत्तीचा. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के. त्या अभ्यासात जनुक कुठेही नाही. तरीही जनुकसंशोधनाला त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. ज्यांच्या शरीराबद्दल ज्ञान मिळवायचे, त्यांच्या दुखण्यापासून प्रश्न सुरू झाला पाहिजे. निकड बदलते, हेही तितकेच खरे. घरात दुसरे मूल वेदनांनी तळमळू लागले की ‘एसएस’ हा शब्द आईला कोणी शिकवावा लागत नाही. म्हणून या आक्षेपाने जनुकवाचन रद्द होत नाही, त्याचा क्रम बदलतो: आधी सेवा, मग नमुना. औषध, रक्त आणि सल्ला जिथे नियमित मिळतो, तिथेच नमुना मागण्याचा नैतिक अधिकार निर्माण होतो.

आता वाघाकडे वळू. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या डॉ. उमा रामकृष्णन यांच्या गटाने जंगलात पडलेल्या विष्ठेतून, केसांतून वाघाचे जनुक वाचण्याचे तंत्र भारतात रुजवले. अशा नमुन्यातला डीएनए तुटका आणि थोडा असतो. मेघना नटेश यांनी २०१९ मध्ये अशाच निकृष्ट नमुन्यांतून कमी खर्चात शेकडो जागा वाचण्याची पद्धत मांडली. त्याआधी २०१७ मध्ये त्यांच्या गटाने ३८ रानटी वाघांच्या जनुकातल्या दहा हजारांहून अधिक जागा तपासल्या होत्या. त्यात राजस्थानातले रणथंबोर एकाकी आणि विविधतेत दुबळे दिसले. संदीप शर्मा, तृष्णा दत्ता आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मध्य भारतातल्या डोंगररांगांत जंगलाचे पट्टे जिथे टिकले तिथे वाघांतली जनुकांची देवाणघेवाण टिकल्याचे दाखवले. या सगळ्याचा चंद्रपूरला थेट लागू होणारा निष्कर्ष प्राची थत्ते आणि सहकाऱ्यांच्या २०१८ च्या अभ्यासात आहे. त्यांनी मध्य भारतातल्या वाघांच्या जनुकीय माहितीवरून पुढच्या शतकाचे संगणकीय चित्र रेखाटले. नियोजनाविना रस्ते रुंद होत गेले तर राखीव जंगलांतल्या वाघांची जनुकीय विविधता ३५ टक्क्यांनी घटते आणि नामशेष होण्याची सरासरी शक्यता ५६ टक्क्यांवर जाते. अशा स्थितीत नुसती वाघांची संख्या वाढवली तर ही शक्यता जेमतेम ४४ टक्क्यांवर येते. भ्रमणमार्ग जोडलेले ठेवले, मधली छोटी जंगले राखली आणि संख्याही वाढवली, तर ती ३ ते २१ टक्क्यांच्या दरम्यान उतरते.

इथे आक्षेप येतो तो चंद्रपुरातल्या शेतकऱ्याचा, आणि तो ऐकून घेतलाच पाहिजे. ताडोबा आणि ब्रह्मपुरीच्या जंगलांत वाघ आधीच इतके आहेत की मोहफुले, तेंदूपाने वेचायला जाणाऱ्या माणसांचे जीव जातात. मग वाघांच्या विविधतेची चिंता कोणासाठी? थत्ते यांच्या आकड्यांतच उत्तर आहे. ते संशोधन एका जिल्ह्यात वाघ कोंबायला सांगत नाही, वाटा मोकळ्या ठेवायला सांगते. वाटा बंद झाल्या की तरुण वाघ गावाच्या बांधावर अडकतो. वाट मिळाली की तो किती लांब जातो, हे ब्रह्मपुरीतून निघून २०२३ मध्ये ओडिशात पोहोचलेल्या नराने दाखवले. ओडिशातल्याच सिमिलिपालमध्ये काळसर वाघ वाढण्यामागे एकाच जनुकातला दोष आणि आप्तसंकर असल्याचे रामकृष्णन यांच्या गटाने २०२१ मध्ये सिद्ध केले. २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथल्या वाघांत नवे रक्त मिसळावे म्हणून ताडोबातल्या दोन वाघिणी नेण्यात आल्या. त्यातली एक झारखंडमार्गे पश्चिम बंगालपर्यंत भटकली आणि तिला पकडून परत आणावे लागले. जनुक काय हवे ते सांगते, पण भूगोल आणि माणसे यांना वगळून ते अमलात येत नाही. वाहनाने वाघीण हलवणे हा तात्पुरता उपाय आहे. कायमचा उपाय रस्ता, कालवा आणि कोळसा खाणीच्या आराखड्यात आहे.

माणूस आणि वाघ यांची जनुके एका लेखात मांडताना एक भेद मात्र काटेकोरपणे पाळला पाहिजे. वाघाची विष्ठा त्याला न विचारता उचलता येते. माणसाचे रक्त घेताना, त्यातही ज्या समाजाकडे बाहेरचे जग कुतूहलाची वस्तू म्हणून पाहत आले त्या समाजाचे रक्त घेताना, संमती हा कागदावरचा अंगठा ठरू नये. अमेरिकेतल्या हावासुपाई जमातीने मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिले, ते इतर संशोधनांत वापरले गेले. २०१० मध्ये विद्यापीठाला भरपाई द्यावी लागली आणि नमुने परत करावे लागले. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता तयार केली. ८३ समाजगटांतल्या १० हजार भारतीयांचे जिनोम वाचणाऱ्या ‘जिनोम इंडिया’ प्रकल्पाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली. असे प्रकल्प हवेतच, पण गावाच्या पातळीवर त्यांचे उत्तरदायित्वही हवे. गडचिरोलीत त्याची परंपरा तयार आहे. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणारे मेंढा-लेखा हे गाव याच जिल्ह्यातले. आपल्या बांबूचा निर्णय जी ग्रामसभा करते, ती आपल्या रक्ताच्या माहितीचाही निर्णय करू शकते. निष्कर्ष गोंडी, माडिया आणि मराठीत गावाला परत सांगणे ही अट संशोधनाच्या मंजुरीतच घालायला हवी.

शेवटचा आक्षेप शास्त्रज्ञांच्या स्त्री असण्याविषयी. विज्ञानाला लिंग नसते, मग स्त्रियांचा वेगळा हिशेब का मांडायचा? अक्षराला लिंग नसते, हे मान्य. पण कोणते अक्षर आधी वाचायचे हे माणूस ठरवतो. नवजात बाळाची तपासणी, गर्भवतीचा पेच, तपासणीच न झालेल्या स्त्रियांचे रोग हे प्रश्न वर उल्लेखलेल्या कामांत वारंवार पुढे येतात, आणि ते पुढे आणणाऱ्यांत स्त्रिया बहुसंख्य आहेत. पुरुष हे करू शकत नाहीत असा याचा अर्थ नाही. काटे आणि मुखर्जी यांनी ते केले आहे. पण जिथे दोष दोन्ही पालकांकडून येऊनही बोल आईलाच लागतो, जिथे ‘एएस’ निघालेल्या मुलीचे लग्न मोडते आणि मुलाच्या रिपोर्टची कोणी विचारणाही करत नाही, तिथे समुपदेशन कोण करते याने फरक पडतो. दोन वाहकांच्या प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी होण्याची शक्यता २५ टक्के असते. हा आकडा दोघांना एकत्र बसवून सांगितला गेला तरच तो न्याय्य ठरतो. तपासणीची मोहीम मुलींच्या माथी शिक्का मारणारी झाली, तर सर्वांत अचूक सिक्वेन्सिंगही नुकसानच करील.

तेव्हा या आढाव्यातून माझा निष्कर्ष असा. चंद्रपूर-गडचिरोलीला जनुकवाचनाची गरज आहे का, या प्रश्नाचे उत्तर मिळालेले आहे: आहे. आता काम उरले आहे ते वाचन, सेवा आणि निर्णय एका जागी आणण्याचे. त्यासाठी लागणाऱ्या संस्था इथे आहेत. गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून आहे, चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ पासून, गडचिरोलीचे २०२४ पासून, आणि हिमोग्लोबिन विकारांचे केंद्रही आले आहे. या चार संस्थांनी मिळून धानोरा, भामरागड, एटापल्ली, कोरपना, जिवती इथल्या मुलींना आनुवंशिकी, प्रयोगशाळा-तंत्र आणि समुपदेशनाचे शिक्षण शिष्यवृत्तीसह द्यावे. तपासणीत आढळलेल्या प्रत्येक रुग्णाला औषध मिळाल्याची नोंद तपासणीच्या आकड्याइतक्याच ठळकपणे जाहीर व्हावी. या दोन जिल्ह्यांतल्या प्रत्येक रस्त्याच्या आणि खाणीच्या मंजुरीत वाघांच्या जनुकीय अभ्यासाचा निष्कर्ष वाचला जावा. मेरी कटबुश यांच्यापासून प्राची थत्ते यांच्यापर्यंतच्या स्त्रियांनी ज्ञानाची बाजू पूर्ण केली आहे. राज्यकर्ते, विद्यापीठ आणि ग्रामसभा यांनी आता आपली बाजू पूर्ण करावी.